बसता येईल एवढा पाट

श्रावण संपत आला की केडगावच्या रस्त्याकडेला मातीचे बैल येऊन उभे राहतात. गोणपाटावर ओळीने मांडलेले, शिंगांना सोनेरी रंग, पाठीवर गुलाबी झूल रंगवलेली. मी भाजी घ्यायला जाते आणि भाजी राहते बाजूला, त्या बैलांच्या पायांकडेच बघत उभी राहते. पाय काडीएवढे, अंग जड. घरी नेईपर्यंत एखादा तरी लंगडा होणार हे विकणारीला ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. तरी लोक घेतात. यंदा पाऊस उदंड आहे, त्यामुळे चिखल तुडवत घेतात.

परवा अशीच एक जोडी घेऊन घरी आले, तर माझी नात मुक्ता मोबाईल नाचवत पुढे आली. ही मुलगी आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि सुट्टी मिळाली की मातीची चिमुकली माणसं करते. चहावाला, पेंगणारी मांजर, स्टँडवर बोचकं घेऊन बसलेली म्हातारी. त्यांच्याखाली ठेवायला पातळ लाकडाच्या बैठका कापायच्या म्हणून तिला स्क्रोल सॉ घ्यायचा आहे, म्हणजे नक्षी कापायची विजेवरची करवत. एकीचा आवाज कमी, दुसरीचा वेग कमीजास्त करता येतो, तिसरीचं पातं बदलायला सोपं, असं सगळं मला वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आजी, सगळे सांगतात थ्रोट बघून घे. म्हणजे पात्यापासून मागच्या दांड्यापर्यंतचं अंतर. तेवढीच फळी आत वळते. पण मला कापायच्यात एवढ्याएवढ्याशा बैठका. मग मोठा थ्रोट कशाला?"

"मोठाच घे," मी म्हटलं.

"अगं, पण का?"

मी सांगितलं नाही. सांगायला बसले असते तर मला रडू आलं असतं, आणि ती बिचारी यंत्र सोडून माझ्यासाठी पाणी आणायला धावली असती. म्हणून इथे लिहिते आहे.

बहात्तर सालचा श्रावण. श्रावण म्हणायचं ते कॅलेंडर म्हणत होतं म्हणून. आकाश पांढरंफटक, वारा कोरडा, आणि घागर भरायला नळापाशी भल्या पहाटेपासून रांग. तेव्हा आम्ही नगरजवळ भिंगारला राहत होतो. आमचे हे लष्कराच्या एका वर्कशॉपात सिव्हिलियन ड्राफ्ट्समन होते आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, पुढे एक ओटा. ह्यांना फ्रेटवर्कचा नाद. पातळ फळीवर चित्र काढायचं आणि केसाएवढ्या बारीक पात्याच्या करवतीनं ते सुबक कापून काढायचं. मोर, वेली, लोकांच्या दारावरच्या नावांच्या पाट्या. लाकूड आणायचे किराणा दुकानातून, चहाच्या रिकाम्या खोक्यांचं. कडेच्या पत्र्याच्या पट्ट्या उचकटल्या की आत छान पातळ प्लायवूड निघायचं. कापायला लागले की भुशाला चहाचा वास यायचा. मला तो वास फार आवडायचा, पण झाडू मारताना तसं कबूल करायची सोय नव्हती.

शेजारच्या बाई एकदा म्हणाल्याच, "लोक रस्त्यावर खडी फोडायला जातायत आणि तुमच्याकडे मोर कापणं चाललंय." बोलणं झोंबलं. पण खरं होतं. त्या वर्षी कुठलीही हौस करताना माणसाला आपण काही चोरतोय असं वाटायचं.

त्याच दिवसांत मामंजी आले.

आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या अंगाला. तिकडे धड पाऊस पडून बरीच वर्षं लोटली होती. बहात्तरला तर जमीन नुसती ओली होऊन वाळली. सासूबाई आधीच गेलेल्या. धाकटे दीर दुष्काळी कामावर जायचे आणि मामंजी घर, गोठा बघायचे. ते एका दुपारी एसटीतून उतरले ते एक गाठोडं घेऊन. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी अर्धंच पाणी प्यायलं, उरलेलं झाडाला घाल म्हणाले, आणि ह्यांच्याकडे न बघता बोलले, "मोऱ्या गेला. हौश्या बी दिऊन टाकला. येकट्याला ठिवून काय करू?"

मोऱ्या आणि हौश्या म्हणजे त्यांची बैलजोडी. मी लग्न होऊन गेले तेव्हा माझी ओळख आधी त्यांच्याशी करून दिली होती, मग नणंदांशी.

"पाऊस पडला की जाईन म्या," मामंजी म्हणाले. "तवर ऱ्हातो हितं."

त्यानंतर ते बोलायचेच थांबले. ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे. ताटातलं खायचे, पण काय खाल्लं ते विचारलं तर सांगता आलं नसतं. ह्यांचा जीव तुटायचा. एकदा सायकल पुसता पुसता मला म्हणाले, "पाऊस आज ना उद्या पडेल गं. जोडीही कुठूनतरी उभी करू. पण आबा पुन्हा औत धरतील ना? माझा बाप शेतात असला की माझा बाप असतो. इथे ओट्यावर बसलाय तो मला ओळखूच येत नाही." एरवी हे इतकं कधी बोलायचे नाहीत. म्हणून मलाही धास्ती बसली.

पहाटे मात्र मामंजींचा डोळा उघडायचाच. उठून बसायचे, धोतर सावरायचे, दारापर्यंत जायचे आणि तिथे थबकायचे. गोठा नाही हे त्यांना तिथे गेल्यावर आठवायचं. मी चुलीपाशी असायची. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं आम्ही दोघंही दाखवायचो. असं रोजच चालायचं.

एकदा फिरायला गेले ते कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांकडे. तिथली हिरवळ कशीबशी तग धरून होती आणि माळी ती कापून कुंपणाबाहेर टाकत होता. मामंजींनी खांद्यावरचं उपरणं पसरलं, सगळं गवत गोळा केलं, मोठं गाठोडं बांधलं आणि डोक्यावर घेऊन भर उन्हात भिंगारच्या बाजारातून घरी आले. ओट्यावर गाठोडं सोडलं. हिरवागार वास सुटला. मग तिथेच उकिडवे बसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "आनलं खरं. आता घालू कुनाला?"

शेवटी दूधवाल्याला निरोप धाडला आणि त्याची म्हैस ते खाऊन गेली. मामंजी शेवटची काडी संपेपर्यंत तिच्यापाशी उभे होते.

पोळा जवळ आला तशी ह्यांना कल्पना सुचली. म्हणाले, "आबा, मातीचे बैल करा. लहानपणी आम्हाला करून द्यायचा ना तुम्ही. पाय मोडतात, तर मी खाली पाट कापून देतो. पाटावर उभी राहील जोडी." संध्याकाळी मामंजी कोरड्या पडलेल्या तळ्यातून माती घेऊन आले. पाणी मोजून वापरायचे दिवस. मी डाळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवलं होतं, त्यातच त्यांनी माती मळली. वळलेली वशिंडं, मानेखाली लोळणारी कातड्याची पोळी, सगळं हुबेहूब. एकाच्या कपाळावर नखानं त्यांनी चांदणी कोरली, तेव्हा तो मोऱ्या आहे हे मला कळलं.

आणि नेमकी ह्यांच्या जुन्या करवतीची कमान वाकली. इंग्रजी यू अक्षरासारखी ती लोखंडी कमान, तिच्या दोन टोकांत पातं ताणून बसवायचं. कमान वाकली की पातं सैल पडतं आणि सैल पातं मोडतंच. नवी घेणं भाग होतं. हे म्हणाले, "आबा, चला माझ्याबरोबर." नगरच्या बाजारात हार्डवेअरचं एक जुनं दुकान होतं. मला सुया-बटणं हवी होती, मीही निघाले.

दुकानदारानं काउंटरवर करवती मांडल्या. एक पोरांच्या हस्तकलेची, खेळण्यासारखी. एक मधली, आखूड कमानीची, हाताला हलकी, ह्यांची नजर तिच्यावर लगेच बसली. एक लांबलचक कमानीची, उचलली की मनगट खाली झुकावं अशी. शिवाय कोपऱ्यात शिलाई मशीनसारखं पायानं चालवायचं एक यंत्र होतं, त्यावर ह्यांचा कित्येक वर्षं डोळा होता. मामंजींनी त्या यंत्राला चारी बाजूंनी पाहिलं, त्याचे जमिनीला खिळलेले पाय पाहिले आणि तोंड फिरवलं. "हे नगं," एवढंच म्हणाले.

ह्यांनी आखूड कमानीची उचलली. पातं बोटानं छेडून बघितलं, सूर चांगला निघाला. "ही घेऊ. बारीक कामाला हीच बरी. कमान जितकी लांब तितकं पातं डुगडुगतं, रेघ चुकते."

मामंजींनी ती हातात घेतली. बाजारात बैल पारखतात तसा तिच्यावरून तळवा फिरवला. मग विचारलं, "हिच्या पोटात केवढी फळी मावती?"

ह्यांनी बोटांनी दाखवलं. "फळी वळवताना मागे कमानीला अडली नाही पाहिजे, म्हणून एवढीच."

"मंग ही बी नगं. ती मोठी दे."

दुकानदार हसला. "बाबा, मातीच्या बैलाला लागतो केवढा पाट? वीतभर पुरे झाला."

"उभं ऱ्हायाला वीतभर पुरं," मामंजी म्हणाले. "बसायला?"

हे म्हणाले, "आबा, मातीचे बैल कसे बसतील?"

"न्हाई बसायचे. पर बसावं वाटलं तर जागा नगं का?"

मला हसू आलं होतं, ते मी पदराआड लपवलं. म्हातारपण, दुसरं काय, असं वाटलं. ह्यांनाही तसंच वाटलं असणार, पण बाप इतक्या दिवसांनी काहीतरी मागत होता. स्वतःला आवडलेल्या आखूड करवतीकडे एकदा बघून ह्यांनी ती बाजूला सरकवली आणि लांब कमानीची बांधून घेतली. परतताना मामंजी टांग्यात ती मांडीवर घेऊन बसले होते.

मग आमच्या ओट्यावर पाट कापणं सुरू झालं. टेबलाच्या कडेला शिकंज्यानं आवळलेली खाचेची फळी, तिच्यावर खोक्याचं प्लायवूड, आणि खालीवर, खालीवर ती जड करवत. ह्यांनी बजावलं, "आबा, करवत फिरवायची नाही. ती एका जागी चालवायची आणि फळी वळवायची. कोपरा आला की पुढे न रेटता जागच्या जागी पातं चालू ठेवायचं आणि फळी हळूच फिरवायची." मामंजींना हे एका दमात समजलं. कोपऱ्याशी आलं की ते फळी वळवता वळवता जिभेनं टक् टक् असा आवाज करायचे. नांगराच्या तासाच्या टोकाला बैल वळवताना करतात तोच. मी आत भाकरी थापत असायची. तो आवाज ऐकून माझा हात थांबायचा. हे चोरून माझ्याकडे बघायचे. डोळ्यांनी म्हणायचे, येतायत बरं का आबा माघारी.

डुगडुगीनं कडा वाकड्या गेल्या, पाती मोडली, ह्यांच्या मनगटाला सूज आली. तरी ह्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. पाट तयार झाला तो चांगला परातीएवढा. त्यावर ती वीतभर जोडी उभी केली तर मोकळ्या माळावर दोन बैल उभे असावेत असं दिसलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जुवाखाली घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. लोणी कुठून आणणार. मी तेलात हळद कालवून दिली. मामंजींनी करंगळीच्या टोकानं त्या मातीच्या खांद्यांना ती चोळली. मग गुडघे टेकून खाली वाकले आणि एकेकाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." हौश्याशी बोलून झालं. मोऱ्याच्या कानाशी मात्र पुष्कळ वेळ होते. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेशनच्या गव्हाच्या जाडसर पुरणपोळ्या केल्या. पुरण बेताचं, तूप नावाला. नैवेद्य दाखवला, आरती झाली. शेजारच्या त्या बाईही हळदीकुंकू घेऊन आल्या आणि पदर डोळ्याला लावून गेल्या. त्यांचं माहेरही तिकडचंच निघालं.

पोळा होऊन गेला. एका सकाळी उठून बघते तर पाट रिकामा. ओट्याच्या टोकाला मामंजी पाठमोरे बसलेले, पुढ्यात मातीचा ओला गोळा. बैल भिजवून, मोडून, त्यांनी पुन्हा माती केली होती.

"मामंजी, अहो हे काय?"

"थांब, पोरी," ते म्हणाले.

मी तिथेच बसले. त्यांच्या हाताखाली दोन बैल पुन्हा आकाराला आले, पण ह्या वेळी बसलेले. पुढचे पाय पोटाखाली दुमडलेले, मान एका अंगाला वळवलेली, रवंथ करताना असते तशी. पाटावर ठेवले. आता पाट कुठेच मोठा दिसत नव्हता. बरोबर तेवढाच लागत होता.

मग ते बोलले. माझ्याकडे न बघता, हाताची माती खरवडत.

"मोऱ्याच्या अंगात काय उरलं न्हवतं. वैरन न्हाई, पानी न्हाई. समदे म्हनायचे, त्याला बसू दिऊ नका, बसला की पुन्हा उठायचा न्हाई. म्हनून म्या आढ्याला दोर टाकला, पोटाखालून गोनपाट घातलं आन् टांगून उभा ठिवला त्याला. पाय वाकवायला लागला की ऊठ म्हनायचो. दाव्यानं मारायचो बी. जगावा म्हनून. तो नुसता जमिनीकडं बघायचा, पोरी. खाली, पायापाशी. मला कळत हुतं त्येला बसायचंय. पर म्या बसू दिला न्हाई. तसाच गेला, उभ्याउभ्या."

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. सुनेनं सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचे ते दिवस नव्हते. मी उठून चहा टाकला आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून रडून घेतलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे किती तरी वेळ त्या लांब कमानीच्या करवतीला तेल लावत बसले.

दुष्काळाच्या गोष्टी लोक पुष्कळ सांगतात. रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या, सरकारी सुकडी, खडीचे ढीग. मी ऐकते आणि मान हलवते. मला त्या सालातून आठवतं ते एवढंच, की जीव वाचवण्यासाठी केलेली गोष्ट आणि छळ ह्यांच्यात काही वेळा बोटभरसुद्धा अंतर नसतं, आणि ज्यानं ती केली त्याला ते आयुष्यभर पुरतं. मामंजींनी चूक केली असं मी कधी म्हणणार नाही. तिकडचा कुठलाही शेतकरी तेच करता. पण त्यांना हे सांगून काही उपयोग नव्हता.

पुढच्या वर्षी मात्र पाऊस आला. असा आला की भिंगारच्या गल्ल्यांतून पाणी वाहिलं. दिरांचं पत्र आलं, पेरणीला वाफसा चांगला आहे, शेजाऱ्याची जोडी सावडीनं, कामाच्या बदल्यात काम करून, मिळतेय, आबांना लावून द्या. मामंजींनी पत्र ऐकलं आणि स्वतःहून गाठोडं बांधायला घेतलं. ह्यांना आनंद मावेना. स्टँडवर त्यांना गाडीत बसवून आले आणि ओट्यावर येऊन उगाचच मोठ्यानं हसले. म्हणाले, "सुटलो गं. आबा गेले शेतावर." मी त्या दिवशी गोड केलं.

चारआठ दिवस गेले असतील. संध्याकाळी दारात मामंजी उभे, हातात तेच गाठोडं, पायांवर गुडघ्यापर्यंत गावाकडचा काळा चिखल वाळलेला. मागे धाकटे दीर.

दीरच बोलले. "आबांनी औत धरलं. निम्मं वावर झालं आन् दुपारी सोडले बैल. बैल झाडाखाली बसले. चांगले दांडगे बैल हायेत, दादा, काय दुखलं खुपलं न्हाई. नुसते रवंथ करीत बसले. आबा बी जवळ बसले. आता उठवतील, मंग उठवतील. दिवस बुडाला तरी उठवीनात. दुसऱ्या दिवशी बी तेच. वाफसा चालला, शेजारी तोंडाला यील ते बोलाया लागला. शेवटाला म्याच पेरनी उरकली."

मामंजी एव्हाना ओट्याच्या पायरीवर टेकले होते. मी पाय धुवायला पाणी आणलं. हे त्यांच्यासमोर खाली बसले आणि लहान मुलाला समजवावं तशा सुरात म्हणाले, "आबा, अहो बैल बसतात, उठतात. त्यात काय एवढं?"

"उठत्यात की," मामंजी म्हणाले. "ऊठ म्हनलं की गरीब जनावर उठतं. पर माझ्यानं आता म्हनवत न्हाई."